पदवीआधीची लढाई : डॉ. रखमाबाई

एम.डी. झालेल्या पहिल्या भारतीय स्त्रियांचा विषय निघाला की डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. त्या १८८६ साली अमेरिकेत एम.डी. झाल्या, पण पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. सुमारे पस्तीस वर्षे रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. रखमाबाई मात्र विस्मरणात जातात. आम्ही वकील मंडळी त्यांना एका खटल्याच्या नावाने ओळखतो. तो खटला आणि ती पदवी हे एकाच लढ्याचे दोन भाग आहेत, असे आमचे मत आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतल्या सुतार समाजात. वडील लवकर वारले. या समाजात पुनर्विवाहाची रीत होती, म्हणून आई जयंतीबाईंचे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न झाले. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावले गेले. त्या नांदायला गेल्या नाहीत. माहेरी राहून शिकत राहिल्या.

१८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ साली तो फेटाळला. सनातन्यांनी गहजब केला. अपिलात प्रकरण परत पाठवले गेले आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैदेची तयारी दाखवली. टिळकांच्या पत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. गंमत अशी की, नांदवण्याच्या दाव्याची ही तरतूद इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आली होती. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे परक्या धर्माच्या कायद्याला लोंबकळत होते!

१८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. १८८९ साली रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात शिकल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची त्यांच्या पाठीशी होत्या. परवाना मिळाला, म्हणजे व्यवसायाला पुरेसे झाले होते. तरी त्यांनी १८९४ साली ब्रुसेल्सची एम.डी. मिळवली. परत येऊन त्यांनी आधी सुरतला, मग राजकोटला स्त्रियांच्या इस्पितळात सेवा केली.

त्यांचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा आला. ज्या हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याचेच तुकडे करून तो झाला. त्याच्या कलम ९ मध्ये नांदवण्याचा दावा आजही आहे. कैद गेली आहे, पण हुकूम मोडल्यास मालमत्ता जप्त होऊ शकते.

आज आमच्या मुली एम.डी. करतात, नर्सिंगमध्ये पीएच.डी. करतात. या शिक्षणाला वर्षे लागतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत घरातून लग्नाची घाई सुरू होते. फी भरणारा बाप मोठा खराच. पण मुलीची ती वर्षे तिच्याच हाती राहू देणारा बाप आम्हांला अधिक मोठा वाटतो.