कमलाबाई सोहोनी

इतवारीच्या दुकानांत पोत्यांत भरून ठेवलेला बटाटा श्वास घेतो काय, असा प्रश्न एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारला, आणि वर्गांत हंशा पिकला. प्रश्न हंसण्यासारखा मुळींच नव्हता. त्याचें उत्तर शोधण्यांत जिचा हात लागला त्या विदुषीचें चरित्र आम्ही येथें देत आहों.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालीं इंदूर येथें भागवत घराण्यांत झाला. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या वडील भगिनी. वडील नारायणराव व चुलते माधवराव दोघेहि बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत शिकलेले रसायनज्ञ. तेव्हां कन्येनें तीच वाट धरावी यांत नवल नव्हतें. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन कमलाबाईंनीं बंगलोरला अर्ज केला. तो नामंजूर झाला. संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी चंद्रशेखर वेंकट रामन, आणि नकाराचें कारण एवढेंच कीं अर्जदार स्त्री होती.

एवढ्या थोर पुरुषाचा नकार ऐकून पुष्कळ जणी घरीं बसल्या असत्या. कमलाबाई बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या व हटल्या नाहींत. शेवटीं प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना व्हावयाची नाहीं. मार्गदर्शक सांगतील तेव्हां रात्रींहि काम करावयाचें. आणि प्रयोगशाळेचें वातावरण बिघडूं द्यावयाचें नाहीं. ही तिसरी अट वाचतांना आम्हांस अजून संताप येतो. रामन यांच्याविषयीं आमचा आदर खरा, तरी हा डाग झांकण्याचें कारण नाहीं. श्रीनिवासय्या यांच्या हाताखालीं दूध व डाळी यांतील प्रथिनांवर कमलाबाईंनीं केलेलें काम पाहून मात्र रामन यांचें समाधान झालें, आणि पुढें त्या संस्थेचें दार इतर मुलींसहि उघडलें.

त्यानंतर केंब्रिज. तेथें हॉपकिन्स यांच्या संस्थेंत रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करीत असतां, बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशींतहि श्वसनकार्यांत सायटोक्रोम-सी या लोहयुक्त प्रथिनाचा भाग असतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. आपण घेतलेला प्राणवायु फुप्फुसांपाशीं थांबत नाहीं. तो प्रत्येक पेशींत पोंचतो, आणि अन्नांतून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात त्याच्यापर्यंत नेणाऱ्या साखळीचा एक दुवा म्हणजे सायटोक्रोम-सी. या क्रियेंतून मिळालेल्या शक्तीनें एटीपी नांवाचें द्रव्य तयार होतें व त्यावर पेशीचा सारा संसार चालतो. पेशीच्या केंद्रकांत प्रथिनांवर फॉस्फेट चढवून त्यांच्या कामाचें नियमन करणारीं प्रोटीन कायनेज नांवाचीं एन्झाइमें असतात. तीं आपलें फॉस्फेट बहुधा याच एटीपींतून घेतात. स्पर्मीनसारखीं लहान द्रव्यें त्यांतील कांहींचा वेग वाढवितात, हें पुढें इतरांनीं शोधलें. तात्पर्य, पोत्यांतला बटाटा श्वास घेतो. कमलाबाईंचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा होता असें सांगतात. १९३९ सालीं त्यांस पीएच.डी. मिळाली.

परत आल्यावर त्यांनीं दिल्लीस लेडी हार्डिंग कॉलेजांत व कुन्नूरच्या आहारसंशोधनशाळेंत काम केलें. १९४७ सालीं त्यांचा सोहोनी यांच्याशीं विवाह झाला व त्या मुंबईस आल्या. तेथें विज्ञानसंस्थेंत त्यांनीं नीरेवर संशोधन केलें. आमच्या विदर्भांत शिंदी म्हटली कीं सभ्य माणसें नाक मुरडतात. परंतु सूर्योदयापूर्वीं उतरविलेला ताजा रस निराळा, तो आंबल्यावरच मादक होतो. या ताज्या रसांत जीवनसत्त्वें व लोह असून कुपोषित आदिवासी मुलांस व गरोदर स्त्रियांस तो गुणकारी आहे, असें त्यांनीं दाखविलें. या कामाबद्दल त्यांस राष्ट्रपतींचें पारितोषिक मिळालें. संस्थेचें संचालकपद मात्र त्यांजकडे पुष्कळ उशिरां आलें.

निवृत्तीनंतर ग्राहकांच्या चळवळींत शिरून अन्नांतील भेसळ घरच्या घरीं कशी ओळखावी हें त्या गृहिणींस शिकवीत. १९९८ सालीं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें त्यांचा सत्कार दिल्लीस योजिला होता. त्या समारंभांतच त्या कोसळल्या, आणि थोड्याच अवधींत त्यांचा अंत झाला.