थिबा राजा

रत्नागिरीचे ग्रामदैवत भैरी. शिमग्यात त्याची पालखी निघते. भाविक नारळ अर्पण करतात. दूर ब्रह्मदेशात, मंडाले नगरीत, महामुनी बुद्धाच्या मूर्तीला सोन्याचा वर्ख चिकटवतात. त्या नगरीचा राजा थिबा १८८६ साली बंदिवान होऊन रत्नागिरीस आला. परक्या मुलखातील ही पूजा पाहून त्याच्या मनात काय आले असेल, याची आपण कल्पनाच करावी.

थिबाचा जन्म १८५९ सालचा. तरुणपणी विहारात राहून त्याने बौद्ध धर्मग्रंथांचे अध्ययन केले व त्यांची परीक्षाही दिली. १८७८ साली तो गादीवर बसला. पुढे थोड्याच महिन्यांत राजघराण्यातील कितीएकांची हत्या झाली. अहिंसेचे पाठ घेतलेल्या राजाच्या नावावर हा डाग कायमचा राहिला. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले जिंकून त्याला पदच्युत केले.

रत्नागिरीत त्याला मान होता, मोकळीक नव्हती. परवानगीवाचून शहर सोडता येत नसे. जांभ्या दगडाचा व ब्रह्मी सागवानाचा त्याचा वाडा १९१० साली पुरा झाला, तेव्हा बंदिवासाला चोवीस वर्षे लोटली होती. वाड्याच्या मागील बाजूस बुद्धाची मूर्ती आहे. राजाने ती आपल्याबरोबर आणली, असे सांगतात. राज्य गेले, प्रजा दुरावली; मूर्ती तेवढी सोबत आली.

१९१६ साली थिबा रत्नागिरीतच निवर्तला. राणी सुपयालत १९१९ साली मायदेशी परतली. थिबाची समाधी मात्र येथेच आहे. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिच्या दर्शनास आले होते.