अमृता शेर-गिल

अमृता शेर-गिल (जन्म : बुडापेस्ट, ३० जानेवारी १९१३, मृत्यू : लाहोर, ५ डिसेंबर १९४१) या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एक श्रेष्ठ भारतीय चित्रकार होत्या. मानवी देह, आणि त्यातही स्त्रीदेह, हा त्यांच्या चित्रांचा प्रमुख विषय होय. त्यांच्यापूर्वीच्या भारतीय चित्रकलेत एकीकडे राजा रविवर्मा यांच्या तैलचित्रांतील भरजरी वस्त्रांतल्या नायिका होत्या, तर दुसरीकडे बंगाल शैलीतील धूसर, लवचीक आकृती होत्या. थकलेला, वाट पाहणारा, स्वतःचे वजन असलेला देह या दोहोंत क्वचितच आढळतो. तो शेर-गिल यांनी चित्रफलकावर आणला.

== बालपण ==
त्यांचे वडील उमराव सिंग शेर-गिल मजिठिया हे पंजाबातील सरदार घराण्यातले होते. संस्कृत आणि फारसीचे ते व्यासंगी होते व त्यांना छायाचित्रणाचा छंद होता. आई मेरी अँटोनेट गॉटेसमन या हंगेरियन गायिका होत्या. पहिल्या महायुद्धाचा काळ कुटुंबाने हंगेरीत काढला आणि १९२१ साली ते सिमल्यास आले. अमृता व त्यांची धाकटी बहीण इंदिरा यांची वडिलांनी काढलेली असंख्य छायाचित्रे उपलब्ध आहेत. इतरांच्या नजरेखाली आपण कसे दिसतो, याचे भान अमृतांना फार लवकर आले असावे, असे ती छायाचित्रे पाहताना वाटते.

मामा एर्विन बाक्ताय हे भारतविद्येचे अभ्यासक होते. कल्पनेने चित्रे काढण्यापेक्षा समोर जिवंत माणूस बसवून रेखाटन करावे, असा सल्ला त्यांनी भाचीला दिला. घरातील नोकरचाकर हेच मग तिचे पहिले मॉडेल ठरले.

== पॅरिस ==
१९२९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या कलाशिक्षणासाठी पॅरिसला गेल्या. प्रथम ग्रांद शोमिएर येथे आणि पुढे एकोल दे बोझार या विख्यात संस्थेत ल्युसियां सिमों यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. नग्न मॉडेल समोर ठेवून देहाची ठेवण, स्नायू आणि त्वचेवरील प्रकाश यांचा अभ्यास करणे हा तेथील शिक्षणाचा कणा होता. त्या काळच्या भारतीय मुलीला अशी संधी मिळणे जवळजवळ अशक्य होते, ही गोष्ट त्यांचे मूल्यमापन करताना विसरू नये.

‘यंग गर्ल्स’ (१९३२) या चित्रात दोन तरुणी समोरासमोर बसल्या आहेत. एक नीटनेटक्या युरोपीय पोशाखात आत्मविश्वासाने बसलेली आहे; दुसरीचे वस्त्र ढळलेले असून मोकळ्या केसांनी तिचा चेहरा झाकला आहे. पहिलीसाठी बहीण इंदिरा बसली होती, दुसरीसाठी एक फ्रेंच मैत्रीण. या चित्राला १९३३ साली पॅरिसच्या ग्रांद सालोंमध्ये सुवर्णपदक मिळाले व शेर-गिल यांची त्या संस्थेच्या सहसदस्य म्हणून निवड झाली.

पदक मिळवणाऱ्या या चित्रापेक्षा ‘प्रोफेशनल मॉडेल’ (१९३३) हे चित्र अधिक महत्त्वाचे मानावे लागेल. चित्रशाळेत पैशासाठी विवस्त्र बसणाऱ्या एका प्रौढ स्त्रीचे हे चित्र आहे. तिचा देह ओघळलेला असून डोळे खोल गेलेले आहेत. नग्नचित्र म्हटले की सौंदर्य आणि आमंत्रण, ही युरोपीय कलेत शतकानुशतके रुळलेली अपेक्षा येथे पूर्ण होत नाही. पाहणाऱ्यालाच आपल्या पाहण्याचा संकोच वाटावा, असे हे चित्र आहे.

१९३४ साली त्यांनी ‘सेल्फ पोर्ट्रेट अ‍ॅज ताहितियन’ हे आत्मचित्र काढले. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ याने ताहिती बेटावरील स्त्रियांना युरोपीय पुरुषाच्या नजरेने रंगवले होते. शेर-गिल यांनी त्याच पठडीत स्वतःचा अनावृत, सावळा देह उभा केला. चित्रकारही तीच आणि चित्रविषयही तीच, यामुळे गोगँच्या चित्रांतील नातेच बदलून जाते. मागच्या भिंतीवर पुरुषाची सावली दिसते. पण स्त्रीची नजर तिच्याकडे नाही आणि प्रेक्षकाकडेही नाही.

== भारतात पुनरागमन आणि अजिंठा ==
१९३४ च्या अखेरीस त्या भारतात परतल्या. अजिंठ्याचे एखादे भित्तिचित्र युरोपातील समग्र प्रबोधनकाळापेक्षा मोलाचे आहे, असे मत त्यांनी परतण्यापूर्वीच आई-वडिलांना लिहिलेल्या पत्रात मांडले होते. अजिंठा त्यांनी तोवर प्रत्यक्ष पाहिलेही नव्हते! सिमल्यास त्यांनी ‘हिल मेन’, ‘हिल विमेन’, ‘मदर इंडिया’ आणि ‘थ्री गर्ल्स’ ही चित्रे १९३५ मध्ये रंगवली. नग्नदेह येथे जवळजवळ नाहीसा झाला. तथापि देह हा विषय सुटला नाही. जाड्याभरड्या वस्त्रांआडून खांद्यांचा झोक, मानेचा कल, मांडीवर विसावलेले हात हेच बोलू लागले. ‘थ्री गर्ल्स’ला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले.

१९३६ च्या उत्तरार्धात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मुंबईतच कायदेपंडित व कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्यांच्याइतका जाणता वाचक शेर-गिल यांच्या चित्रांना त्या काळी दुसरा लाभला नाही. मुंबईहून त्या अजिंठा व वेरूळ पाहण्यास गेल्या आणि पुढे दक्षिणेत केरळ व कन्याकुमारीपर्यंत त्यांनी प्रवास केला. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रांचाही त्यांच्यावर खोल परिणाम झाला.

चित्रशाळेत एका बाजूने येणाऱ्या उजेडावर देहाला गोलाई देण्याचे शिक्षण त्यांना पॅरिसमध्ये मिळाले होते. अजिंठ्यात तसा एकाच दिशेचा उजेड नाही. तेथे देह उभा राहतो तो वळणदार रेषेने, आणि मातकट तांबूस, काळसर, हिरवट अशा रंगांच्या शेजारणीने. आकृत्या एकमेकींना खेटून, दाटीने बसतात. तरी प्रत्येकीचा डौल वेगळा राहतो. हा धडा १९३७ मध्ये रंगवलेल्या ‘ब्राइड्स टॉयलेट’, ‘ब्रह्मचारीज’ आणि ‘साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट’ या त्रयीत स्पष्ट दिसतो. ‘ब्रह्मचारीज’मध्ये शुभ्र धोतरे नेसलेले पाच बटू बसले आहेत. उघड्या सावळ्या अंगांच्या छटा त्या पांढऱ्या वस्त्रांमुळे एकापेक्षा एक निराळ्या भासतात. भारतीय वर्णाला गोरेपणाची झाक न देता त्याच्या अनेक छटा सन्मानाने रंगवणे, हे या चित्रांचे मोठे कार्य होय.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गैरलागू नाही. संपन्न घरातील चित्रकर्तीने गरिबांचे देह रंगवले, पण त्यांच्या दारिद्र्यालाच सौंदर्य बनवले, असा तो आक्षेप आहे. पॅरिसच्या चित्रांतील बहीण व मैत्रीण यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. डोंगरातल्या आणि दक्षिणेतल्या बहुतेक माणसांची नावे मात्र कोणी नोंदवलेली नाहीत.

== सराया आणि अखेरचा काळ ==
१९३८ साली हंगेरीत त्यांनी आपले मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगान यांच्याशी विवाह केला. पुढील वर्षी हे दांपत्य गोरखपूरजवळील सराया येथे कुटुंबाच्या जहागिरीवर राहू लागले. या काळात पहाडी व मुघल लघुचित्रांच्या प्रभावाने त्यांच्या चित्रांतील आकृती लहान झाल्या आणि रंग अधिक झळाळले. ‘वूमन रेस्टिंग ऑन चारपाई’ (१९४०) मध्ये लाल कपड्यांतील एक तरुणी दुपारच्या सुस्तीत बाजेवर पहुडली आहे आणि शेजारी एक बाई वारा घालते आहे. तरुणी पूर्ण वस्त्रांकित आहे. तरीही अंतःपुरात कोंडलेल्या देहाची तगमग जितकी या चित्रातून जाणवते, तितकी त्यांच्या पॅरिसमधील नग्नचित्रांतूनही जाणवत नाही.

सप्टेंबर १९४१ मध्ये त्या लाहोरला गेल्या. तेथे प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच त्या अचानक आजारी पडल्या आणि काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. मृत्यूचे नेमके कारण कधीच निश्चित झाले नाही. गर्भपातानंतरची गुंतागुंत हे कारण अनेक चरित्रकारांना संभाव्य वाटते. नियोजित प्रदर्शन त्यांच्या पश्चात, त्याच महिन्यात भरले. खिडकीतून दिसणाऱ्या म्हशींचे शेवटचे चित्र अपुरे राहिले.

त्यांच्या प्रेमप्रकरणांविषयी आणि बेधडक स्वभावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने चित्रांकडे शांतपणे पाहणारे लेखन थोडे आहे.

== संग्रह आणि मान्यता ==
खंडालावाला यांचा शेर-गिल यांच्यावरील ग्रंथ १९४४ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. १९५४ साली दिल्लीत सुरू झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मूळ संग्रहात वडील व पती यांनी दिलेल्या त्यांच्या चित्रांचा मोठा वाटा होता. १९७८ साली भारतीय टपाल खात्याने ‘हिल विमेन’ या चित्राचे तिकीट काढले. इंदिरा यांचे पुत्र व प्रसिद्ध कलावंत विवान सुंदरम यांनी आजोबांची छायाचित्रे वापरून ‘री-टेक ऑफ अमृता’ ही चित्रमाला केली. केंद्र सरकारने शेर-गिल यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला असल्याने ती विक्रीसाठी देशाबाहेर नेता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘द स्टोरी टेलर’ (१९३७) हे चित्र भारतातच ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले; भारतीय चित्राला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती.