विश्लेषण : स्कूबा डायव्हिंगमध्ये रेग्युलेटर इतका महत्त्वाचा का? जॅक कुस्तो यांनी नेमके काय शोधले?

फ्रेंच नौदल अधिकारी जॅक कुस्तो (१९१०-१९९७) यांना वैमानिक व्हायचे होते. मोटार अपघातात हात जायबंदी झाले आणि ते पोहण्याकडे, मग डायव्हिंगकडे वळले.

तेव्हाच्या प्रत्येक साधनात त्रुटी होती. शिरस्त्राणाचा अवजड पोशाख नळीने बोटीला जखडलेला असे. ल प्रिअर यांच्या टाकीतून हवा सतत वाहून लवकर संपे. शुद्ध प्राणवायूचे उपकरण वापरताना कुस्तो यांना पाण्याखाली दोनदा झटके आले. साधारण सहा मीटरपेक्षा खोलवर हा वायू विषारी ठरू शकतो.

१९४२ च्या अखेरीस अभियंता एमिल गान्यां यांनी गॅसवर चालणाऱ्या मोटारीसाठीची झडप सुचवली. तिच्यावरून बनलेला रेग्युलेटर श्वास घेतानाच हवा देई, तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाने. मार्न नदीतील चाचणीत डायव्हर उभा राहताच हवा वाया जाऊ लागली. उच्छ्वासाची झडप हवा सोडणाऱ्या पडद्याच्या पातळीवर आणल्यावर तो दोष गेला. १९४३ मध्ये हे ‘ॲक्वालंग’ भूमध्य समुद्रात यशस्वी ठरले.

मात्र १९४७ मध्ये कुस्तो यांचे सहकारी मॉरिस फार्ग सुमारे १२० मीटर खोलीच्या बुडीत दगावले. रेग्युलेटर कितीही चांगला असला, तरी खोलवर साध्या हवेतील नायट्रोजन शुद्ध हरपवतो. म्हणूनच आजही साधन निवडताना किमतीआधी दोन प्रश्न विचारायचे : किती खोल जायचे आणि तिथे श्वास सहज मिळेल का?