नाव घेऊन प्रार्थना

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये पतीही गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याच लोकांत त्या परक्या ठरल्या. एकटेपण म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. म्हणूनच की काय, केडगावच्या मुक्तिसदनात पोरक्या मुलींना पोटाशी धरताना दूरच्या ख्रिस्ती बंधुभगिनींचीही काळजी त्यांना लागून राही. १८९८ साली केसिकच्या अधिवेशनात त्यांनी भारतातील मंडळ्यांसाठी प्रार्थनाच मागितली.

१९०५ च्या जानेवारीत त्यांच्याबरोबर सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेस जमू लागल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या. जूनअखेर मुक्तीत मोठी आत्मिक जागृती झाली. ठिकठिकाणच्या विश्वासणाऱ्यांची नावे मागवून मुली एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करीत. अशी नावे हजारो होती.

रमाबाईंना नीट ऐकू येत नसे. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा प्रभूकडे गेली. तरी प्रार्थना आणि बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूच्या विसाव्यात गेल्या.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, वर्गाची यादी आपण हजेरीसाठी उघडतोच. या आठवड्यात ती गुडघे टेकूनही उघडू या.