कप जिंकला आणि टीमच गुंडाळली

समजा, तुमच्या कॉलेजची टीम देशातली सगळ्यात भारी ज्युनियर टीम ठरली. फायनल जिंकून पोरं ट्रॉफी घेऊन परत आली, हार-तुरे झाले, पेपरात फोटो झळकले. आणि पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत कॉलेजनं सांगून टाकलं, की आपण या लीगमधून बाहेर पडतोय. पैसे संपले म्हणून नाही, हरलो म्हणून तर नाहीच. मुलांचं शिक्षण मागे पडतंय म्हणून.

काय म्हणाल तुम्ही? वेडेपणा? कॅनडातले बरेच लोक तेव्हा तेच म्हणाले असतील. कारण १९६१ साली टोरांटोच्या सेंट मायकल्स कॉलेज स्कूलमध्ये अगदी हेच घडलं. त्या जिंकलेल्या टीमचा कोच होता एक पाद्री, फादर डेव्हिड बाउअर. आजची गोष्ट त्याची आहे आणि ती त्या टीमशिवाय सांगता येत नाही.

आधी एक खुलासा. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान, चेंडू आणि ध्यानचंद. कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. पायात स्केट्स, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, तिचं नाव पक, आणि वेग असा की टीव्हीवर पक शोधता शोधता आपल्यासारख्याचे डोळे दुखतात. तिथली ज्युनियर हॉकी, म्हणजे विशीपर्यंतच्या पोरांची, ही नॅशनल हॉकी लीग ऊर्फ एनएचएलची नर्सरी. ज्युनियरमधला सगळ्यात मोठा मान म्हणजे मेमोरियल कप. पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेली ही ट्रॉफी.

सेंट मायकल्सच्या टीमचं नाव मेजर्स. लोक लाडानं सेंट माइक्स म्हणायचे. शाळा बॅसिलियन पंथाच्या कॅथलिक पाद्र्यांची, टीमचा रंग दुहेरी निळा. हा संघ रेकॉर्डच्या बाबतीत कोणाला ऐकणारा नव्हता. मेमोरियल कप १९३४ साली जिंकला, १९४५ साली जिंकला, पुढच्या वर्षी सातव्या आणि निर्णायक मॅचमध्ये विनिपेग मोनार्क्सकडून हरला, आणि १९४७ साली परत जिंकला. इथून बाहेर पडलेली पोरं थेट एनएचएलमध्ये जायची. रेड केली, टेड लिंडसे, फ्रँक महॉवलिच, डेव्ह कीऑन ही नावं तिथल्या कुठल्याही आजोबांसमोर घ्या, संध्याकाळ निघून जाईल. आणि टिम हॉर्टनचं नाव तर तुम्हीही ऐकलंय. कॅनडात शिकायला गेलेल्या मित्राला विचारा, तो सकाळची कॉफी कुठे पितो. टिम हॉर्टन्स हे दुकान काढणारा तो हाच, मेजर्सच्या निळ्या जर्सीतला पोरगा.

डेव्हिड बाउअरही याच शाळेचा. जन्म १९२४ चा, गाव ऑन्टारिओतलं वॉटरलू, घर भावंडांनी भरलेलं. थोरला भाऊ बॉबी म्हणजे बोस्टन ब्रुइन्सचा स्टार. त्यानं १९३९ आणि १९४१ अशी दोनदा एनएचएलची सर्वोच्च ट्रॉफी, स्टॅन्ली कप, जिंकलेली. असा भाऊ घरात असल्यावर धाकट्याला दुसरं स्वप्न पडेल तरी कसं? डेव्हिडलाही ब्रुइन्सकडेच जायचं होतं. वडिलांचं म्हणणं होतं, आधी शिक्षण. पोराला ते मुळीच आवडलं नाही. (हा संवाद तुमच्या घरीही झाला असेल, फक्त बर्फाच्या जागी क्रिकेटचं पिच असेल.)

खेळाडू म्हणून तो कमी नव्हता. १९४४ साली ओशावा जनरल्सनं मेमोरियल कप जिंकला, तेव्हा सेंट माइक्सकडून जादाचे खेळाडू म्हणून घेतलेल्या पोरांत टेड लिंडसे होता आणि डेव्हिड बाउअरही होता. लिंडसे तिथून एनएचएलमध्ये गेला आणि हॉल ऑफ फेममध्ये पोचला. बाउअर मात्र वळला. विशीच्या उंबरठ्यावर, रस्ता मोकळा असताना, त्यानं बॅसिलियन पंथात जायचं ठरवलं. १९५३ साली दीक्षा घेऊन तो फादर बाउअर झाला आणि आपल्याच शाळेत परत आला. वर्गात शिकवायला, आणि अर्थातच बर्फावरही.

आता तेव्हाची सिस्टीम कशी होती ते बघा, म्हणजे पुढचं कळेल. एनएचएलमध्ये तेव्हा फक्त सहा टीम. ज्युनियर टीम या सहा मालकांच्या पदराला बांधलेल्या. सेंट माइक्स टोरांटो मेपल लीफ्सच्या गोटातली. मिसरूडही न फुटलेल्या पोराच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या सहीचा एक फॉर्म क्लबकडे गेला, की त्याचं व्यावसायिक भवितव्य त्या क्लबच्या खिशात. मग भरगच्च सीझन, रात्री-अपरात्री बसचे प्रवास, बर्फावर मारामाऱ्या, सकाळी वर्गात पेंगणं. हजारो पोरांतून एनएचएलपर्यंत मूठभर पोचणार. उरलेल्यांचं काय? विशीत हातात ना डिग्री ना करार. फादर बाउअरला आणि त्याच्या शाळेला हा प्रश्न छळत होता, आणि गंमत अशी की शाळेची कीर्ती उभी होती ती याच सिस्टीमवर.

१९६०-६१ च्या सीझनला मेजर्सचा कोच बाउअरच होता. त्याची पद्धत जरा हटके होती. गोलरक्षक होता जेरी चीव्हर्स, जो पुढे बोस्टनसाठी दोन स्टॅन्ली कप जिंकणार होता. बाउअरनं या पठ्ठ्याला त्या सीझनमध्ये काही मॅचेसना गोल सोडून चक्क पुढे, विंगवर खेळवलं. तोपर्यंत गोल सांभाळायला डेव्ह ड्रायडन. म्हणजे विचार करा, तुमचा हुकमी विकेटकीपर आहे आणि कोच त्याला म्हणतो, ग्लोव्हज काढ, आज तू बॉलिंग टाक. त्या वर्षी हे चाललं. मेजर्स एडमंटनला गेले आणि तिथल्याच ऑइल किंग्जना त्यांच्या घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून शाळेचा चौथा मेमोरियल कप घेऊन आले.

आणि मग तो निर्णय. शाळेनं ऑन्टारिओच्या मुख्य ज्युनियर लीगमधून अंग काढून घेतलं. निर्णय एकट्या बाउअरचा नव्हता, पंथातल्या पाद्र्यांनी मिळून घेतलेला होता. सामने फार, प्रवास फार, खेळात हाणामारी फार, आणि शाळेच्या कामाशी हे जुळत नाही, असा सगळा हिशेब. एक सीझन ते टोरांटोच्या आसपासच्या एका छोट्या लीगमध्ये खेळले आणि १९६२ साली मोठ्या ज्युनियर हॉकीला रामराम ठोकला. पन्नासहून जास्त वर्षांची परंपरा तिथं थांबली.

मला यातली पटणारी गोष्ट म्हणजे वेळ. हरत असलेला संघ बंद करणं सोपं असतं, त्याला तत्त्व चिकटवायलाही फार वेळ लागत नाही. यांनी शिखरावर उभं राहून हे केलं. न पटणारी गोष्टही सांगतो. जी पोरं फक्त हॉकीच्या जोरावर या शाळेत येऊ शकत होती, त्यांच्यासाठी एक दार बंद झालं. ती शाळेऐवजी दुसऱ्या कुठल्या तरी क्लबात गेली, जिथे अभ्यासाचं विचारणारं कोणी असेलच असं नव्हतं. बाहेर पडून सिस्टीम बदलत नाही, हे बाउअरलाही कळत असणार. कारण त्यानं लगेच पुढचा डाव टाकला.

पंथानं त्याची बदली केली पार दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरला, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या सेंट मार्क्स कॉलेजात. तिथून १९६२ साली त्यानं कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेपुढे कल्पना मांडली, की देशाची टीम विद्यार्थ्यांची असावी. तोपर्यंत ऑलिम्पिकला आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला कॅनडा आपला कुठला तरी एक हौशी क्लब पाठवायचा. ते बरीच वर्षं पुरलं, पण १९५६ पासून सोव्हिएत संघ ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि पहिल्याच फटक्यात सोनं घेऊन गेला. त्या वर्षी ब्राँझवर थांबलेल्या कॅनेडियन क्लबचा कोच कोण होता माहितीये? बॉबी बाउअर, थोरला भाऊ. १९६० साली त्याच क्लबबरोबर त्याला रौप्य मिळालं. म्हणजे रशियन किती पुढे गेलेत, हे धाकट्याला घरातच कळत होतं.

संघटनेनं होकार दिला. देशभरातली पोरं व्हँकुव्हरला आली. विद्यापीठात नाव घालायचं, लेक्चर करायची, एकत्र राहायचं, आणि ऑलिम्पिकची तयारी करायची. मोठ्या पैशाचं नाव नाही. यात सेंट माइक्सच्या १९६१ च्या टीममधले दोघं होते, टेरी ओमॅली आणि बॅरी मॅकेन्झी. ही नावं लक्षात ठेवा.

१९६४ चं हिवाळी ऑलिम्पिक ऑस्ट्रियात, इन्सब्रुकला होतं. स्वीडनविरुद्धच्या मॅचमध्ये कार्ल ओबेर्ग या स्वीडिश खेळाडूची तुटलेली स्टिक कॅनडाच्या बाकाकडे आली आणि थेट फादर बाउअरच्या तोंडावर बसली. रक्त वाहायला लागलं. कॅनेडियन हॉकीत अशा वेळी काय होतं, ते सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं. अख्खा बाक उठून बर्फावर उतरणार! पण बाउअरनं आपल्या पोरांना जागेवर बसवलं. मॅच ३-१ नं जिंकली. दुसऱ्या दिवशी सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकियाची मॅच बघायला तो गेला, तेव्हा शेजारी बसवायला त्यानं बोलावलं होतं त्याच ओबेर्गला.

पुढचं मात्र सिनेमासारखं नाही. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध कॅनडा १-३ हरला. तरीही शेवटच्या दिवशी सोव्हिएत संघाला हरवलं असतं तर या विद्यार्थ्यांच्या गळ्यात सोनं पडलं असतं. एका वर्षापूर्वी जमवलेली टीम त्या मशिनसमोर शेवटपर्यंत टिकली आणि २-३ नं हरली. स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया आणि कॅनडा तिघांचेही पाच विजय, दोन पराभव. आपल्याला ब्राँझ नक्की, असं समजून पोरं पदक घ्यायला गेली. तिथं त्यांना कळलं, की गोलफरकाच्या हिशेबात आपण चौथे. गोल कुठल्या सामन्यांचे धरायचे, यावरून त्यानंतर कित्येक वर्षं वाद चालला. त्या ऑलिम्पिकमधून कॅनडाच्या हॉकी टीममध्ये पदक घेऊन परतला तो एकटा बाउअर. ओबेर्ग प्रकरणात दाखवलेल्या संयमासाठी त्याला खास सुवर्णपदक दिलं गेलं. टीम रिकाम्या हातानं आणि कोचच्या हातात सोनं. त्याला ते किती जड गेलं असेल, विचार करा.

त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब थोडक्यात सांगतो. टीम विनिपेगला हलली, कोच बदलला, बाउअर मागे राहून मार्गदर्शन करत राहिला. १९६६ आणि १९६७ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ, १९६८ च्या ग्रनोबल ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ. सोनं कधीच नाही. लोक कंटाळले. सोव्हिएत खेळाडू कागदावर हौशी पण वर्षभर तेच करणारे, मग आपण पोरं का पाठवायची, असा सूर लागला. व्यावसायिक खेळाडूंना परवानगी मिळेना, तेव्हा १९७० साली कॅनडानं आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून अंग काढून घेतलं आणि बाउअरची टीम मोडीत निघाली. दोन वर्षांनी एनएचएलचे स्टार सोव्हिएत संघाशी आठ मॅच खेळले, जेमतेम एका मॅचच्या फरकानं मालिका जिंकले, आणि मग लोकांना कळलं की ती पोरं कोणासमोर उभी राहत होती.

१९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकसाठी कॅनडानं पुन्हा विद्यार्थी आणि हौशी खेळाडूंची टीम बांधली, तेव्हा व्यवस्थापनात बाउअर होता. आणि बर्फावर, चाळिशीला टेकलेला, टेरी ओमॅली. १९६४, १९६८ आणि १९८० अशी तीन ऑलिम्पिक, आणि एनएचएलची एकही मॅच नाही.

सेंट माइक्सची मोठी ज्युनियर टीम १९९७ साली परत सुरू झाली, पण दहाच वर्षांत शेजारच्या मिसिसागा शहरात गेली आणि शाळेपासून तुटली. ते बघायला बाउअर नव्हता. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. पुढच्या वर्षी हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं. कॅलगरीच्या ऑलिम्पिक अरीनाला त्याचं नाव आहे, व्हँकुव्हरच्या विद्यापीठातल्या रिंकलाही.

आता ती दोन नावं. ओमॅली आणि मॅकेन्झी दोघंही पुढे सॅस्कॅचेवान प्रांतातल्या विलकॉक्स नावाच्या गावी जाऊन राहिले. गाव कसलं, वस्तीच. चारी बाजूंना गव्हाची शेतं आणि मध्ये नोट्र डेम नावाची एक निवासी शाळा. दोघांनी तिथं पोरांना वाढवलं, हॉकी शिकवली. १९८८ च्या मे महिन्यात, म्हणजे बाउअर जायच्या सहा महिने आधी, या शाळेच्या टीमनं देशाचा सेंटेनियल कप जिंकला. मेमोरियल कपच्या एक पायरी खालची ही ज्युनियर ट्रॉफी. दिवसा वर्गात बसणारी आणि संध्याकाळी स्केट्स बांधणारी पोरं, आणि बाकामागे उभा असलेला कोच बॅरी मॅकेन्झी.