‘परीक्षेला येत नाही’ ऐकूनही न थांबलेला चार्ल्स बॅबेज

कॉम्प्युटरचा जनक म्हणून बॅबेजचं नाव आपण शाळेतच पाठ करतो. मला मात्र त्याच्या मशीनपेक्षा त्याचं कॉलेजचं पहिलं वर्ष जास्त भारी वाटतं.

१८१० साली, अठराव्या वर्षी, तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. वाटेत लंडनमध्ये त्याने लाक्रवा या फ्रेंच गणितज्ञाचा कॅल्क्युलसवरचा ग्रंथ शोधला. फ्रान्सशी युद्ध चालू होतं, फ्रेंच पुस्तकं मिळायची मारामार. दोन गिनींना मिळेल असं वाटलेलं पुस्तक सात गिनींना पडलं. तरी पठ्ठ्याने घेतलं. (आज त्याचे स्कॅन फोनवर फुकट वाचता येतात.)

वाचताना एके ठिकाणी अडलं, म्हणून तो ट्यूटरकडे गेला. उत्तर तुमच्याही ओळखीचं आहे: हे परीक्षेला येत नाही, सोड. इतर शिक्षकांनीही तेच ऐकवलं. मग त्याने लायब्ररी गाठली आणि पीटर्सबर्ग, बर्लिन, पॅरिसच्या अकादमींच्या जाडजूड खंडांत विखुरलेले ऑयलर वगैरेंचे मूळ लेखच वाचून काढले.

त्यातून एक गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. केंब्रिजवाले न्यूटनच्या निष्ठेपायी अक्षरावर टिंब देऊन कॅल्क्युलस लिहायचे. युरोपात लाइब्निट्सचा ‘डी’ चालायचा. आकडेमोड किचकट झाली की टिंबांत गोंधळ उडतो, ‘डी’मध्ये पायऱ्या स्पष्ट दिसतात. म्हणजे चिन्ह बदललं की विचार करणंही सोपं होतं! १८१२ मध्ये हर्शेल, पीकॉक अशा मित्रांसोबत त्याने ॲनालिटिकल सोसायटी काढली. १८१६ मध्ये तिघांनी लाक्रवाच्या छोट्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर छापलं. पुढच्याच वर्षी पीकॉक परीक्षक झाला आणि ‘डी’ थेट प्रश्नपत्रिकेत आला.

बॅबेजला १८१४ मध्ये पदवी मिळाली ती ऑनर्सशिवाय.

पुढे गणिती कोष्टकांतल्या चुका टाळायला त्याने डिफरन्स इंजिन हाती घेतलं. शेकडो चाकं, आणि कुठलं चाक कधी फिरतंय हे नुसत्या चित्रात दाखवता येईना. मग काय, त्याने यंत्राच्या हालचालींसाठी स्वतःची चिन्हभाषाच बनवली आणि १८२६ मध्ये ती प्रसिद्ध केली. कॉलेजातला तो चिन्हांचा नाद इथे कामी आला, असं मला वाटतं.

सरकारचे सुमारे १७ हजार पौंड खर्ची पडले, इंजिन अपुरंच राहिलं. १८७१ मध्ये तो वारला. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाच्या आराखड्यांवरून १९९१ मध्ये गणन करणारा भाग उभा केला. तो चालला.